गडाच्या पोटातली देवळं

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालं की यवतजवळ उजवीकडे भुलेश्वरचा फाटा लागतो. तिथून घाट चढत जायचं. दौंड तालुक्याचा उसाचा हिरवा पट्टा हळूहळू खाली राहतो, माळ सुरू होतो आणि वर पोचल्यावर जी वास्तू समोर येते ती पाहून पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, "देऊळ कुठं आहे?" कारण समोर दिसतात चुन्यानं लिंपलेले घुमट, मिनारासारखे उभे कोपरे आणि कोऱ्या, उंच भिंती. एखादी गढी म्हणा, मकबरा म्हणा, काहीही म्हणा. महादेवाचं देऊळ म्हणायला मन धजत नाही. शिखर आहे, पण तेही विटा-चुन्याचं, अठराव्या शतकाच्या वळणाचं.

दारातून आत गेलं तरी लगेच काही उलगडत नाही. पुढं मोकळा सभामंडप नाही, गाभाऱ्याचा दिवा दिसत नाही. अंधाऱ्या, अरुंद जिन्यानं वर जावं लागतं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावायची. श्रावणातल्या सोमवारी या जिन्यात जी घुसमट होते तिचा अनुभव आमच्या भागातल्या प्रत्येक घरात एकाला तरी आहे. आणि मग जिना संपतो, डोळे अंधाराला सरावतात, आणि आजूबाजूचा दगड एकदम जिवंत होतो. खांब, तुळया, छत, भिंती, जाळ्या, सगळीकडे कोरीवकाम. बाहेरून सुनी वाटणारी ही इमारत आतून इतकी गजबजलेली आहे की कुठं पाहावं ते कळत नाही. समोर नंदी, त्याच्या पुढं गाभारा, आणि गाभाऱ्याभोवती फिरणारी ओवरी.

हे असं का झालं, देवळाचं तोंड बंद करून त्याच्याभोवती गढीसारख्या भिंती कशा आल्या, हा या लेखाचा विषय. आणि त्यासाठी भीमेच्या काठानं थोडं वर-खाली फिरावं लागणार आहे, कारण ही गोष्ट एका देवळाची नाही. दौंड मध्ये धरलं तर पश्चिमेला भुलेश्वर आणि पूर्वेला, नदीपलीकडे, पेडगाव. दोन्हीकडे यादवकाळातली देवळं, आणि दोन्हीकडे पुढच्या राज्यकर्त्यांनी त्या देवळांना मध्ये घेऊन किल्ला बांधला.

आधी देवळाकडे. आमच्याकडे जुनं, बिनचुन्याचं दगडी देऊळ दिसलं की लोक दोन उत्तरं देतात. एक, पांडवांनी एका रात्रीत बांधलं. दुसरं, हेमाडपंती आहे. पहिल्या उत्तराशी वाद घालण्यात अर्थ नाही. पांडवांना वनवासात बांधकामाशिवाय दुसरं काही काम नव्हतं, अशीच महाराष्ट्राची पक्की समजूत आहे. दुसरं उत्तर मात्र जरा तपासायला हवं. हेमाद्री पंडित, आपला हेमाडपंत, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे त्याचा काळ 1260च्या पुढचा. पण ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो त्यांतली कितीतरी देवळं त्याच्या आधीची आहेत. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांचं, 1060 सालचं. तेव्हा हेमाद्रीच्या पणजोबांचाही पत्ता नसेल. तेव्हा हेमाडपंती हा शब्द बांधणीची रीत सांगण्यापुरता ठेवावा, बांधणाऱ्याचं नाव म्हणून नको. भुलेश्वर हे त्या रीतीचं, यादवांच्या भरभराटीच्या काळातलं, साधारण तेराव्या शतकातलं काम आहे.

रीत अशी की दगडावर दगड, मध्ये चुना नाही. चिरे इतके नेमके घडवायचे की ते स्वतःच्या वजनानं बसले पाहिजेत. जिथं सरकण्याची भीती तिथं एका दगडात खाच आणि दुसऱ्यात तिला बसणारा उंचवटा, सुतार चौकटीला कूस आणि साल करतो त्याच हिशोबानं. कमान नाही. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत सरळ तुळई टाकायची, त्यामुळं दोन खांबांतलं अंतर दगडाच्या लांबीएवढंच राहणार. मग छत मोठं कसं करायचं? तर चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून छोटा चौकोन, त्यावर पुन्हा तिरपे दगड, असं आवळत आवळत वर जायचं, नाहीतर एकेक थर थोडा आत काढत गोल घुमटी साधायची आणि शेवटचं तोंड कमळ कोरलेल्या दगडानं बंद करायचं. मान वर करून असं छत पाहिलं की ते कोरलेलं फूल दिसतं. ते वरच्या वजनाला जागेवर दाबून धरणारं टोपण आहे हे सहसा लक्षात येत नाही.

आणि दगड कुठला, तर आपला काळा. सह्याद्रीचा, 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा दगड कोरायला किती हट्टी असतो हे पाटा-वरवंट्याला टाकी लावणाऱ्याला विचारावं. पोटात कुठं बुडबुड्यांची भोकं, कुठं पांढऱ्या गारेच्या गाठी. छिन्नीचा घाव चुकला की नाकाचा शेंडा गेलाच. खांबाचा मधला भाग चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, आणि वर तुळईला खांदा देणारे बुटके, पोट सुटलेले कीचक. कीचकांचे चेहरे पाहण्यासारखे आहेत. काही खरोखर ओझ्यानं वाकलेत, काही मात्र वर काही नाहीच अशा मजेत बसलेत. कुणीतरी पाथरवटानं शेजारच्या गड्याचं तोंड तिथं कोरलं असेल असं मला नेहमी वाटतं.

भिंतींवर महाभारत आहे. अर्जुनाचा मत्स्यवेध आहे, शरपंजरी भीष्म आहे. सुरसुंदरी आहेत, मातृका आहेत. पण जिच्यासाठी मूर्तिशास्त्राचे अभ्यासक हा डोंगर चढतात ती गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर उंचावर बसलेली आहे. सोंड गणपतीची, शरीर बाईचं, आसनाखाली उंदीर. वैनायकी. गावातले लोक तिला गणेश्वरी, लंबोदरी असंही म्हणतात. गणपतीचं स्त्रीरूप ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं, पण ही देवी काही भुलेश्वरच्या कारागिराच्या डोक्यातून निघालेली नाही. जबलपूरजवळ भेडाघाटच्या चौसष्ट योगिनींमध्ये ती आहे, आणि तिच्याखाली ऐंगिनी असं नाव कोरलेलं आहे. शक्तिपूजेची एक वाट नर्मदेपासून कऱ्हेच्या खोऱ्यापर्यंत कशी आली असेल, त्याची ही खूण. अडचण एकच: ती इतकी वर आहे की दर्शन घेऊन परतणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना ती दिसतच नाही. पुजाऱ्यानं बोट दाखवलं तर दिसते.

याच शतकांत जगाच्या दुसऱ्या टोकाला, इंग्लंडच्या खेड्याखेड्यांत गावची चर्च उभी राहत होती. तिथला चुनखडीचा दगड खाणीतून काढल्यावर मऊ असतो, हवेनं मग कडक होत जातो. त्यामुळं तिथल्या पाथरवटाला वेली, पानं, झालरी काढणं आपल्या पाथरवटापेक्षा सोपं. पण खोडकरपणा तोच. हेअरफर्डशायरमधल्या किलपेक या गावी साधारण 1140 सालचं एक छोटंसं चर्च आहे. त्याच्या छताखाली भिंतीभर कोरीव दगडी मुंडकी ओळीनं लावलेली आहेत, आजही 80हून जास्त टिकून आहेत. त्यात देवदूत कमी आणि कुत्रा, ससा, मेंढा, वाजंत्री, वेडीवाकडी तोंडं जास्त. एक उघडीवाघडी बाईही आहे, जिच्याकडे पाहून पुढच्या काळातल्या सभ्य लोकांना घाम फुटला. धर्म निराळा, दगड निराळा, पण गावच्या देवाच्या घरात गावचा माणूस कोरून ठेवायचा हा मोह दोन्हीकडचा सारखाच.

यादवांचं राज्य लांबलं नाही. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर येऊन खंडणी घेऊन गेला, आणि 1318 पर्यंत यादवांचं नाव संपलं. बहमनी आली, तिचे तुकडे होऊन निजामशाही, आदिलशाही आल्या. या तीनशे वर्षांत भुलेश्वरच्या डोंगरावर पूजा चालत राहिली असावी एवढंच म्हणता येतं. राजकारणाला त्या डोंगराची आठवण झाली ती 1630च्या आसपास, आणि ती करून दिली मुरार जगदेवानं.

हा मुरार जगदेव महाराष्ट्राच्या इतिहासात एकाच कामासाठी बदनाम आहे, पण माणूस तेवढ्यात मावणारा नव्हता. विजापूरच्या दरबारातला वजनदार ब्राह्मण सरदार. जुलै 1629 मध्ये निजामशाहाच्या दरबारात लखुजी जाधवांचा खून झाला. जावई शहाजीराजे निजामशाहीतून उठले, पुण्याकडे आले आणि आदिलशाही मुलखावर त्यांनी हात टाकला. विजापूरनं उत्तर म्हणून मुरार जगदेवाला पाठवलं. 1630 मध्ये त्यानं पुणं जाळलं, वाडे पाडले, कसब्यात गाढवाचा नांगर फिरवला आणि जमिनीत लोखंडी पहार ठोकली. पुन्हा इथं वस्ती करणाऱ्याचं निसंतान होईल, असा त्या पहारीचा अर्थ. त्याच वर्षी 19 फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झालेला. आणि त्याच साली दख्खनमध्ये पावसानं पाठ फिरवली. 1630 ते 1632 चा तो भीषण दुष्काळ, ज्यात देहूला तुकोबांचं घर उजाड झालं. नांगर, पहार आणि दुष्काळ, तिन्ही मिळून पुणं परगणा ओस पडला.

पुणं उद्ध्वस्त केल्यावर पुण्यावर नजर ठेवायला जागा हवी. मुरार जगदेवानं निवडला भुलेश्वरचा डोंगर, आणि तिथं किल्ला उठवला: दौलतमंगळ. त्याची निवड चूक म्हणता येत नाही. सिंहगडापासून पूर्वेकडे जी डोंगररांग निघते ती उतरत उतरत इथवर येते. तिच्या उत्तरेला मुळा-मुठा आणि भीमेचं सपाट खोरं, दक्षिणेला कऱ्हा. स्वच्छ दिवशी वरून दोन्हीकडची हालचाल दिसते. शिवाय डोंगरावर पाणी होतं, भाविकांनी मळलेली वाट होती, आणि मधोमध घडीव दगडाची एक भक्कम वास्तू शतकानुशतकं उभी होती. कोऱ्या माळावर किल्ला बांधण्यापेक्षा देवळाभोवती तट फिरवणं स्वस्त पडतं. पुढं फौजांनी हाच हिशोब भीमाकाठी आणखी एकदा केला.

आज दौलतमंगळाचे अवशेष फार नाहीत. एखादा बुरूज, दरवाज्याचा भाग, तटाचे तुकडे, टाकी. गाडीरस्ता त्यांच्या जवळूनच जातो आणि बहुतेक भाविक त्यांच्याकडे न पाहताच पुढं जातात. मला मात्र एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: ज्यानं पुण्यातली घरं जमीनदोस्त केली त्यानं इथला एवढा तयार, घडवलेला दगड तटासाठी उपसून नेला नाही. देऊळ त्यानं मध्ये ठेवलं.

तो देवभोळा होता, याचा पुरावा वर नदीकाठी आहे. पुणं जाळल्यावर तीन वर्षांनी, 1633 मध्ये, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळात त्यानं भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नागरगावी तुळा केली. आपल्या वजनाइतकं द्रव्य दान. आणि गंमत अशी की तोवर वारं फिरलं होतं आणि याच वेळी शहाजीराजे त्याच्या सोबत होते. त्यानं हत्तीचीही तुळा करायचं मनात आणलं. पण हत्ती तोलणारा तराजू कुठून आणणार? कथा अशी सांगतात की शहाजीराजांनी तोड काढली. हत्ती नावेत चढवला, नाव पाण्यात किती बुडते तिथं खूण केली, हत्ती उतरवून खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरले, आणि मग ते दगड तोलले. नागरगावचं तुळापूर झालं ते तेव्हापासून. भीमाकाठच्या काळ्या दगडानं देव घडवले, तट घडवला, हत्तीही तोलला.

दानाचं पुण्य मुरार जगदेवाला फार काळ पुरलं नाही. विजापूरच्या दरबारात त्याचा पाठीराखा खवासखान आणि त्याच्या गटाची सद्दी संपली आणि 1635 मध्ये खवासखान आणि मुरार, दोघांनाही मारून टाकण्यात आलं. पुढच्याच वर्षी मोगल आणि आदिलशाही यांनी निजामशाही वाटून घेतली, शहाजीराजे आदिलशाहीत गेले, आणि काही वर्षांत जिजाऊसाहेब व बाल शिवाजी पुण्यात आले. पहार उपटली गेली, सोन्याच्या नांगराची कथा जन्मली. दौलतमंगळ आपोआपच बिनकामाचा झाला. पाच-सहा वर्षांचा किल्ला. त्याचा तट ढासळत राहिला आणि आत महादेव राहिला.

मग अठराव्या शतकात देवळाकडे पैसा आला. भुलेश्वरच्या जीर्णोद्धाराचं श्रेय धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना दिलं जातं. छत्रपती शाहू आणि पहिला बाजीराव दोघेही ज्यांच्या शब्दाला मान देत, आणि ज्यांच्याकडून पेशव्यांनी कर्जही काढलं, ते हे स्वामी. कोकणातलं परशुरामाचं देवस्थान 1727 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीच्या माणसानं उद्ध्वस्त केलं, तो घाव ते कधी विसरले नाहीत. अशा माणसानं घाटावरच्या जुन्या देवस्थानात लक्ष घातलं तर नवल नाही. पेशवाईच्या हातानं जे घुमट, कंगोरे, चुन्याचा गिलावा आणि विटांचं शिखर आलं, ते आपल्याला आज बाहेरून दिसतं.

या कामाबद्दल जाणकार नाक मुरडतात. यादवांच्या काळ्या, कोरीव दगडावर चुन्याचा पांढरा बोळा फिरवला म्हणतात. मलाही पूर्वी तसंच वाटे. आता वाटत नाही. त्यांना यादवांची रीत येत नव्हती. पाचशे वर्षांत बिनचुन्याच्या चिऱ्यांचं शिखर चढवणारे हात संपले होते. जे येत होतं ते त्यांनी केलं: कमान, घुमट, वीट, चुना. सुलतानी अमदानीत मुरलेली ही विद्या हिंदू देवळावर बिनदिक्कत चढली. मिनारासारखे कोपरे त्यातलेच. आणि छत नीट झालं म्हणूनच आतली वैनायकी पावसात उभी राहिली नाही.

फुटलेल्या मूर्तींचं काय? आहेत, पुष्कळ आहेत. नाकं, हात, काही ठिकाणी पूर्ण चेहरे गेलेत. गाईडच्या तोंडी एकच नाव असतं, औरंगजेब. मूर्ती फोडल्या गेल्या यात शंका नाही. काही घाव सरळ सरळ घणाचे आहेत, हाताच्या टप्प्यातल्या मूर्तींवर जास्त आणि वरच्यांवर कमी. पण सातशे वर्षांचं प्रत्येक फुटकं नाक एकाच बादशहाच्या खात्यावर लिहिणं हा आळस आहे. देव फोडायला परका धर्मच लागतो असंही नाही. इंग्लंडात 1643-44 मध्ये, म्हणजे दौलतमंगळ बांधून जेमतेम दहा-पंधरा वर्षं झाली होती तेव्हा, विल्यम डाउझिंग नावाचा एक कडवा प्युरिटन सरकारी अधिकारपत्र घेऊन सफक आणि केंब्रिजशायरच्या चर्चांमधून फिरला. स्वतः ख्रिस्ती, चर्चही ख्रिश्चनांची. सुमारे अडीचशे चर्चांमध्ये त्यानं देवदूत पाडवले, रंगीत काचा फोडवल्या, आणि कुठं काय मोडलं याची नोंद रोजनिशीत नेमानं ठेवली. आपल्याकडे मोडणाऱ्यांनी एवढा व्यवस्थितपणा दाखवला असता तर वाद कमी झाले असते.

आता नदीनं खाली. तुळापूरहून भीमा शिरूर तालुक्याच्या कडेनं उतरते, रांजणगाव सांडसला मुळा-मुठेला पोटात घेते, पुढं शिरूरवरून आलेली घोडनदी तिला मिळते, मग दौंड. दौंडच्या खाली, पलीकडच्या तीरावर, श्रीगोंदा तालुक्यात पेडगाव. इथंही यादवकाळातली देवळं, आणि एक नाही, पाच: लक्ष्मीनारायण, बाळेश्वर, मल्लिकार्जुन, रामेश्वर, पाताळेश्वर. एवढी देवळं एका गावात म्हणजे भीमेच्या या वळणावर त्या काळी भरलेली, पैशाची पेठ असणार.

ही सगळी देवळं आज एका किल्ल्याच्या तटात आहेत. बहादूरखान कोकलताश, औरंगजेबाचा दूधभाऊ, दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि 1672-73च्या सुमारास त्यानं पेडगावला छावणी घातली. छावणीचा किल्ला झाला, बहादूरगड. डोंगर नाही, खंदकाचा थाट नाही. नदीच्या काठावर पसरलेला भुईकोट. मोगल फौजेला लागतं ते पाणी, आणि त्यासाठी खानानं जे केलं ते आजही पाहण्यासारखं आहे: नदीकाठी उंच दगडी बांधकाम, त्यावर हत्तीनं ओढायची मोट, आणि तिथून नळांनी आत महालापर्यंत पाणी.

हा किल्ला बांधून पुरा होतो न होतो तोच त्याची शोभा झाली. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला, खजिना रिकामा झाला, आणि जुलैत मराठ्यांनी पेडगावकडे मोहरा वळवला. दोन हजारांची एक तुकडी छावणीवर चालून आल्यासारखं करून पळत सुटली. खान सगळी फौज घेऊन तिच्या मागं पन्नास मैल धावला. मागं उघड्या पडलेल्या छावणीवर सात हजार स्वार पडले, बादशहासाठी राखलेले दोनशे घोडे आणि कोटभर रुपयांचा माल घेऊन, तंबूंना आग लावून निघून गेले. लक्ष्मीनारायणाच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी हा तमाशा पाहत होत्या, असं म्हणायचा मोह होतो.

पंधरा वर्षांनी त्याच तटात जे घडलं ते मात्र पाहवलं नसतं. 1 फेब्रुवारी 1689 ला संगमेश्वरी संभाजीमहाराज आणि कवी कलश पकडले गेले. औरंगजेबाची छावणी तेव्हा बहादूरगडाला होती. दोघांना विदूषकाच्या टोप्या घालून, उंटावर बसवून छावणीतून धिंड काढत आणलं. मग बादशहा भीमेच्या काठानंच वर सरकला, आणि 11 मार्च 1689 ला, मुरार जगदेवानं सोन्याचं दान केलं होतं त्याच तुळापूरच्या परिसरात, महाराजांना हालहाल करून मारलं. पलीकडे वढू बुद्रुक, शिरूर तालुका; तिथं त्यांची समाधी आहे.

या सगळ्यात पेडगावच्या देवळांकडे कुणाचं लक्ष जाणार? बाळेश्वर मोठं होतं, ते ढासळलं. खांब उभे आहेत, माथा गेला. लक्ष्मीनारायण मात्र बऱ्यापैकी शाबूत आहे, आणि भुलेश्वरला जे चुन्याआड आणि अंधारात आहे ते इथं उघड्यावर, सूर्यप्रकाशात दिसतं. भिंत सरळ जात नाही. कोन आत, कोन बाहेर, पुन्हा आत, अशी मोडत मोडत जाते, त्यामुळं दिवसभर एकेका कोनावर ऊन आणि दुसऱ्यावर सावली. मूर्ती एकेक करून उजेडात येतात. दगडी जाळ्यांमधून आत उजेडाचे ठिपके पडतात. यादवांच्या पाथरवटानं ऊन हे हत्यार म्हणून कसं वापरलं ते समजून घ्यायचं असेल तर भुलेश्वरपेक्षा पेडगावला सकाळी जावं. भुलेश्वरला पेशवाईचं छत मिळालं आणि भाविक मिळाले; पेडगावला मिळाले ते मुख्यतः इतिहासाचे अभ्यासक आणि संभाजीमहाराजांच्या स्मरणार्थ येणारे लोक. किल्ल्याला आता धर्मवीरगड म्हणतात. देवळं त्या नावाच्या सावलीत दुसऱ्यांदा मागं पडली आहेत, हे सांगितलं तर राग मानू नये.

दगड कुणी मांडला आणि त्याचं पुढं काय झालं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही, याचा नमुना शिरूरला आहे. घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती. तिचा सेनापती कर्नल विल्यम वॉलेस, असईच्या 1803च्या लढाईत लढलेला, 1809 मध्ये तिथंच वारला. त्याच्यावर त्याच्या माणसांनी इंग्रजी पद्धतीनं थडगं बांधलं. पण हा साहेब न्यायी होता अशी आठवण गावात राहिली, आणि आसपासच्या खेड्यांनी त्याला सत्पुरुष ठरवून टाकलं. सुगीचं पहिलं धान्य त्याच्या थडग्यापुढं नैवेद्य म्हणून ठेवायची चाल पडली; एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी गॅझेटियरनंही तिची दखल घेतली. साहेबाच्या चर्चमध्ये नैवेद्याला जागा नव्हती, शिरूरमध्ये ती निघाली. भुलेश्वरच्या पिंडीवरचं आवरण उचलून आतल्या खोलगटीत पेढे ठेवले की त्यातला एखादा देव खातो, असं मानणाऱ्या मुलखात हे व्हायचंच.

पाहायचं असेल तर भुलेश्वरला श्रावणी सोमवार आणि शिवरात्र टाळून एखाद्या साध्या वारी जा. सोबत विजेरी न्या, आणि गाभाऱ्यामागं गेल्यावर मान वर करा. वैनायकी तिथं आहे. खांबांना तेल लावू नका, दगडावर नाव कोरू नका, तुमच्या आधी ज्यानं कोरलं त्यानं स्वतःचं नाव घातलेलं नाही. पेडगाव दौंडहून जवळ आहे. सकाळी दौंडला उतरलात तर लक्ष्मीनारायणाच्या भिंतीवर ऊन यायच्या आत पोचाल.